अवस्थेचा रकाना

आत्या: वाच. मोठ्याने वाच. लिहिताना लाज वाटली नाही, मग वाचताना कसली वाटतेय?

भाची: आत्या, हे तिसऱ्यांदा होतंय.

आत्या: होऊ दे. हे माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीने लिहिलंय हे मला अजून पटत नाहीये.

भाची: 'केस कापायची खुर्ची. लाकूड आणि लोखंड. अवस्था: वाईट. एक हात सैल. बैठकीचं कातडं फाटून काथ्या बाहेर आलेला. पाठीला ढेकणांच्या जुन्या खुणा.'

आत्या: ढेकणांच्या.

भाची: जुन्या खुणा म्हटलंय. आता ढेकूण नाहीत.

आत्या: फार उपकार झाले. सलूनवाल्याचा सकाळी सकाळी फोन. म्हणाला, ताई, माझ्या आजोबांच्या खुर्चीत अर्ध्या गावाने मान टेकवली, आता सगळे मला विचारतायत, तेव्हा ढेकूण होते का रे. खुर्ची परत द्या म्हणतोय. मीच त्याच्या हातापाया पडून ती इथे संग्रहालयात आणली होती, माहितीये तुला? आणि तराजू? तो तुला काय बोलला होता?

भाची: तराजूची अवस्था बघायची म्हणजे तोलून बघावं लागतं. मी दोन्हीकडे सारखी वजनं ठेवली. एक पारडं खाली गेलं.

आत्या: आणि तू ते लिहिलंस.

भाची: 'माल ठेवायच्या बाजूचं पारडं जड.' एवढंच लिहिलं.

आत्या: एवढंच. अगं, गावाने तीन पिढ्या ज्या दुकानातून साखर आणली त्या दुकानाचा तराजू तो. त्यांच्या सूनबाई मघाशी दारात उभ्या राहून बोलून गेल्या. म्हणाल्या, आमचा तराजू आम्हाला द्या, आणि तुमच्या भाचीला सांगा, सासरे गेलेत आमचे, आता त्यांना वर पण कुणी उभं करणार नाही.

भाची: मग मी काय करायला हवं होतं? फॉर्ममध्ये 'अवस्था' म्हणून रकानाच आहे. त्यात चारच पर्याय येतात. उत्तम, बरी, वाईट, निरुपयोगी. रिकामा सोडला तर पुढचं पान उघडत नाही.

आत्या: त्यात 'बरी' होतं ना? मग सगळ्यांना बरी लिहायचं. पाहुणे विचारतात, तब्येत कशी आहे, आपण म्हणतो, बरी आहे. कुणी ढेकूण काढून दाखवत बसतं का?

भाची: हे संग्रहालय आहे, आत्या. पाहुण्यांच्या गप्पा नाहीत. उद्या एखादी वस्तू आणखी मोडली, तर आधी कशी होती ते कळायला नको? तुझी जुनी लेबलं बघ. 'ही खुर्ची फार मानाची.' कुठल्या लाकडाची, केवढी, कधीची, काही पत्ता नाही. आणि निम्मी तर वाचताच येत नाहीत. तू डाव्या हाताने लिहितेस आणि लिहिता लिहिता तोच हात ओल्या शाईवरून फिरवत नेतेस.

आत्या: माझ्या डाव्या हातावर जाऊ नकोस. शाळेत त्याच्यावर भरपूर छड्या खाऊन झाल्यात.

भाची: मी आपलं सांगितलं. सगळी लेबलं पुन्हा टाईप का केली त्याचं कारण ते होतं. आणि गावभर पसरवलं कुणी? मी तुला म्हटलं होतं, एकदा यादीवर नजर घाल, मग ती सगळ्यांना खुली करू. तू जेवत होतीस. म्हणालीस, हो हो, छान झालंय, टाक. वर स्वतःच्या हाताने सगळ्या ग्रुपवर पाठवलंस. 'आमच्या भाचीची कामगिरी' असं लिहून.

आत्या: कौतुक वाटलं म्हणून पाठवलं.

भाची: न वाचता?

आत्या: न वाचताच करतात कौतुक. त्याला माया म्हणतात. वाचून करतात ती परीक्षा. थांब, पुन्हा वाजला. हॅलो. बोला काका. हो. हो, मी बघितलं. नाही, तसं नाहीये काका, ती पोरगी नवीन आहे. नाही, मी कुठे म्हणतेय की… काका, या उन्हात येऊ नका, संध्याकाळी मीच… ठेवला फोन. झालं. हेच राहिलं होतं.

भाची: आता कोण?

आत्या: कंडक्टरकाका. निघालेत घरून. कात्री परत न्यायला येतायत.

भाची: कुठली कात्री?

आत्या: मोठी, काळी. कापड कापायची. तिला काय लिहिलंयस तू? नको, वाचू नकोस. त्यांनी फोनवर पाठ म्हणून दाखवलं. 'कागद दुमडते, कापत नाही. अवस्था: निरुपयोगी.' बरोबर?

भाची: मी खरंच कापून बघितलं होतं. एकदा नाही, किती वेळा. कागद दोन पात्यांच्या मध्ये घुसून बसायचा.

आत्या: तुला कळतंय का कुणाची कात्री आहे ती? आमच्या शिवणकाकूंची. हे कंडक्टरकाका बसवर असायचे, दिवसभर गावोगाव, आणि काकू ओटीवर बसून शाळेचे गणवेश शिवायच्या. या गावात पस्तिशीच्या पुढचा जो कोणी दिसेल ना, त्याचा पहिला गणवेश काकूंच्या हातचा. तुझ्या बापाचा पण. माझा पण.

भाची: बाबा सांगतात. चड्डी मोठी शिवायच्या म्हणे, दोन वर्षं पुरावी म्हणून.

आत्या: सगळ्यांच्याच मोठ्या शिवायच्या. पण माझ्या शर्टाचा खिसा त्यांनी उजव्या बाजूला लावला होता. अख्ख्या शाळेत माझा एकटीचा. वर्गातल्या बाई भडकल्या, नियमात बसत नाही म्हणाल्या. मी रडत गेले काकूंकडे. त्या म्हणाल्या, ज्या हाताने पेन काढणार त्याच्या समोर खिसा नको का? आणि चालत शाळेत आल्या, बाईंना सांगून गेल्या की खिसा मी चुकून लावलाय, आता उसवला तर कापड फाटेल. धडधडीत खोटं. त्या दिवसापासून मला कुणी काही बोललं नाही.

भाची: हे तू मला आधी कधी सांगितलं नाहीस.

आत्या: तुझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना होता? काकू गेल्या थंडीत गेल्या. महिना झाला नसेल, काका कात्री रुमालात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, ठेवून घ्या. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर दर आठवड्याला यायचे, त्या कपाटासमोरच्या बाकावर बसायचे, उठून जायचे. आता तुझ्या या फोटोंसाठी उन्हाळाभर बंद ठेवलंय, नाहीतर तुलाही दिसले असते. जा, आण ती कात्री. येतील एवढ्यात.

भाची: आत्या.

आत्या: काय?

भाची: त्यांना परत द्यायचीच आहे का? म्हणजे आज लगेच?

आत्या: त्यांची वस्तू आहे, मागितली तर द्यावी लागेल. तुझा चेहरा का उतरलाय? हरवलीस का? देवा, हरवली म्हणू नकोस.

भाची: हरवली नाहीये. मागच्या खोलीत आहे, टेबलावर. पण तिच्या मुठीला चिंधी होती ना गुंडाळलेली? खाकी, वरून दोरा आवळलेला.

आत्या: होती. म्हणजे काय, होती?

भाची: फार मळकी होती. तेलकट, काळी पडलेली. फोटोत घाण दिसत होती. मला वाटलं मूठ झिजलीय म्हणून कुणीतरी बांधून ठेवलीय. मी ब्लेडने दोरा कापला आणि काढली.

आत्या: काढलीस. बरं. काढून कुठे ठेवलीस?

भाची: डब्यात.

आत्या: कुठल्या डब्यात?

भाची: कचऱ्याच्या. गाडी घेऊन गेली, गेल्या आठवड्यात.

आत्या: मी जरा बसते.

भाची: पाणी देऊ?

आत्या: नको. मला सांग, कॉलेजात तुम्हाला काय शिकवतात? नाही, खरंच विचारतेय. एवढी फी घेतात तुझ्या बापाकडून.

भाची: शिकवलंय. वस्तूपासून सुटलेलं काहीही टाकायचं नाही, पाकिटात घालून नंबर लिहून ठेवायचं. मला माहीत होतं. त्या दिवशी मी भांडी घासावीत तशी एकामागून एक करत सुटले होते. यादी संपवायची घाई झाली होती. चूक झाली, आत्या. मला फार वाईट वाटतंय.

आत्या: वाटायलाच पाहिजे. आता ऐक. ते आले की तू बोलायचं नाहीस. मी सांगते, उंदरांनी नेली.

भाची: उंदरांनी?

आत्या: कुरतडली आणि नेली. जुनी इमारत आहे, उंदीर आहेत, तूच लिहिलंयस ना सगळीकडे. एका तरी उंदराचा उपयोग होऊ दे.

भाची: मी नाही असं सांगणार. मी काढली, मीच सांगेन.

आत्या: तुझा हा खरेपणा एक दिवस या संग्रहालयाला कुलूप लावणार आहे. अगं, म्हाताऱ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून सांगतेय.

भाची: आणि काकूंनी खिशाबद्दल खोटं सांगितलं म्हणून आपणही सांगायचं? त्यांनी तुला वाचवायला सांगितलं. आपण मला वाचवायला सांगणार.

आत्या: हळू बोल. जिन्यावर कोणीतरी आहे.

कंडक्टर: कोणीतरी नाही, मीच आहे. दार उघडं होतं, आलो.

आत्या: या काका. बसा. पंखा लावते.

कंडक्टर: बसायला आलो नाही. जन्मभर चालत्या गाडीत उभा राहिलोय, घटकाभर उभं राहून मरत नाही. कात्री द्या, निघतो. तुमचा वेळ घेत नाही, बाई.

आत्या: काका, तुम्ही मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलात?

कंडक्टर: आजपासून. ही का ती, लिहिणारी?

भाची: हो आजोबा, मीच. थांबा, आतून आणते… ही घ्या कात्री.

कंडक्टर: ही काय देतेस? ही आमची नाही. आमच्या हिच्या कात्रीच्या मुठीला पट्टी होती.

भाची: तीच आहे, आजोबा. मुठीवरची चिंधी मी काढली. मला ती घाण वाटली. काढून कचऱ्यात टाकली. आता ती मिळणार नाही. मी तुमची क्षमा मागते.

कंडक्टर: कचऱ्यात.

भाची: हो.

आत्या: काका, पोर आहे. तिला माहीत नव्हतं. माझं लक्ष असायला हवं होतं, चूक माझी आहे.

कंडक्टर: माझ्या शर्टाची पट्टी होती ती. ड्युटीच्या. ही लोखंडाची मूठ हिच्या अंगठ्याला बोचायची, घट्टा पडला होता, रात्री तेल लावत बसायची. मला शिवण येत नाही, कापणं येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. तिच्या एवढ्या कामात माझा हात लागलेली तेवढीच एक गोष्ट. जाऊ द्या. गेली ती गेली.

आत्या: काका, बसा ना जरा.

कंडक्टर: मी त्या चिंधीसाठी आलोच नव्हतो. तिचं नाव पण काढणार नव्हतो. मी आलो त्या एका शब्दासाठी. निरुपयोगी. ही गेली, आणि पंधरवड्यात मुलगा म्हणाला, बाबा, कात्री कापत नाही, निरुपयोगी आहे, भंगारात देऊ. सूनही म्हणाली, मी बघितली वापरून, दुधाची पिशवीसुद्धा कापत नाही. मी भांडलो नाही. रुमालात गुंडाळली आणि इथे आणली. म्हटलं, इथे काचेच्या आत राहील, इथे तिला कुणी तसं म्हणणार नाही. काल नातवाने मोबाईलवर दाखवलं. तोच शब्द. मुलगा बायकोला म्हणाला, बघ, संग्रहालयवाले पण तेच म्हणतायत.

भाची: मला हे माहीत नव्हतं.

कंडक्टर: माहीत नव्हतं तर लिहिलंस कशाला? आम्ही तिकीट फाडायच्या आधी विचारायचो, कुठे जायचंय. न विचारता फाडत नव्हतो. कापड आहे का इथे?

आत्या: कापड कशाला, काका?

कंडक्टर: दाखवतो ना कापून. या कात्रीने हजारभर पोरांचे गणवेश कापलेत आणि म्हणे निरुपयोगी. ते निळं काय आहे?

भाची: ते फोटोच्या मागे लावायचं कापड आहे. सगळ्या वस्तूंचे फोटो त्याच्यावर…

आत्या: दे.

भाची: आत्या, ते शहरातल्या मोठ्या संग्रहालयाने दिलंय, परत करायचंय.

आत्या: दे म्हणते ना.

कंडक्टर: धर ते टोक. नीट ताणून धर. बघ आता. थांब. पुन्हा धर. तू ढिलं सोडतेस.

भाची: नाही सोडलं, आजोबा.

कंडक्टर: घट्ट धर.

भाची: घट्टच आहे.

कंडक्टर: दुमडतंय.

आत्या: राहू द्या, काका.

कंडक्टर: नाही, थांबा. सवय नाही मला. मी हिला कधी हात लावला नाही. ती लावूच द्यायची नाही. कुणी उचलली की ओरडायची, ठेव खाली, तुमच्या हातात बिघडेल. मला वाटायचं, जीव आहे तिचा या कात्रीवर. धर पुन्हा, पोरी. या बाजूने.

भाची: आजोबा, बोटाला लागेल तुमच्या.

कंडक्टर: कापत नाही. मुलगा खरं बोलत होता, आणि तूही खरंच लिहिलं होतंस. उगाच मी एवढ्या उन्हात… बाई, आता द्या थोडं पाणी.

आत्या: घ्या. आणि तो शब्द मी आत्ताच्या आत्ता काढायला लावते. ऐकतेयस ना गं? मशीन काय म्हणायचं ते म्हणू दे.

कंडक्टर: खोटं लिहून काय करायचंय. ठेवून घ्या किंवा द्या भंगारात. मला घरी न्यायची नाही.

भाची: आत्या, जरा इकडे ये. हे स्क्रीनवर बघ. ही सलूनवाल्याने खुर्चीबरोबर दिलेली कात्री, आणि हा आजींच्या कात्रीचा मूळ फोटो.

आत्या: आता कात्र्या कसल्या दाखवतेस? वेळ काय, काळ काय.

भाची: बघ तर. फोटो घेतला तेव्हा मला आजींच्या कात्रीचा फोटो उलटा वाटला होता. आरशात दिसावा तसा. दुसऱ्या कात्रीत वरचं पातं या बाजूला आहे, हिच्यात त्या बाजूला. मला वाटलं कॅमेऱ्यानेच घोळ घातलाय, म्हणून मी फोटो फिरवून सरळ केला.

आत्या: आणखी एक पराक्रम. अजून किती बाकी आहेत तेवढं एकदाच सांगून टाक.

भाची: फोटो उलटा नव्हता, आत्या. कात्रीच तशी आहे. आजोबा, आजी डावखुऱ्या होत्या का?

कंडक्टर: होती. जेवायची तेवढी उजव्याने, सासूच्या धाकाने. बाकी सगळं डाव्याने. त्याचं काय?

भाची: ही डाव्या हाताची कात्री आहे. उजव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, म्हणून कापड मध्ये जाऊन दुमडतं. मी पण उजव्यानेच कापून बघितलं. तुमच्या मुलाने पण, सूनबाईंनी पण.

कंडक्टर: कात्रीला कसला आलाय डावा-उजवा? कात्री ती कात्री.

भाची: असतं, आजोबा. आत्या, तू धर.

आत्या: मी?

भाची: दुसरं कोण आहे इथे डावखुरं? धर. मी कापड ताणते.

आत्या: माझ्या हातून काही भलतं झालं तर काका मला… बरं. ताण. अशी धरू?

भाची: अशीच.

(कापड एका दमात शेवटपर्यंत कापलं गेल्याचा आवाज.)

आत्या: अगं बाई.

भाची: पूर्ण कापलं.

आत्या: जोरसुद्धा लावला नाही गं मी. आपली आपण पुढे गेली. आयुष्यात कुठल्या कात्रीने माझं ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, मलाच कापता येत नाही.

कंडक्टर: पुन्हा कापा.

आत्या: कापड संपेल, काका. परत करायचंय म्हणतेय ही.

भाची: काप, आत्या.

कंडक्टर: हाच आवाज. मी पाळीवरून परत यायचो ना, अंगणातच ऐकू यायचा. आवाज आला की समजायचं, जेवण उशिरा मिळणार. म्हणजे ती रागावून ठेवायला सांगायची ते… बिघडेल म्हणून नाही.

भाची: तुम्हाला कुणाला चालणारच नव्हती म्हणून असेल.

कंडक्टर: मग तसं सांगायचं ना. एवढी वर्षं मी वचकून होतो एका कात्रीला. विचारायला मला तरी काय झालं होतं म्हणा. गावाला विचारत फिरलो, कुठे जायचंय, कुठे जायचंय. घरात विचारलं नाही.

आत्या: घ्या काका, धरा. माझ्या अंगठ्याला चांगलीच रुतली हो ही.

कंडक्टर: रुतणारच. उघडी मूठ आहे. बघू अंगठा. लाल झालाय. एवढ्याशाने लाल झाला, तिचं काय होत असेल.

भाची: माझ्यामुळे झालं, आजोबा.

कंडक्टर: आता रडू नकोस. तू टाकलीस ती काही पहिली पट्टी नव्हती. दर साली शाळा उघडायच्या आधी बदलून द्यायचो मी. जुनी तेलकट व्हायची, घसरायची. गणवेशाची गर्दी सुरू व्हायच्या आत नवी बांधायची, हा माझा नेम. शाळा कधी उघडतायत यंदा?

भाची: पुढच्या आठवड्यात.

कंडक्टर: मग ती काढायचीच होती. मीच काढली नाही. काचेच्या आत होती ना, काचेत ठेवलेल्याची कोण बदलतं.

आत्या: घरी नेताय का मग, काका? रुमाल देते.

कंडक्टर: घरी डावखुरं कोण आहे? इथेच राहू द्या. पण नुसती काचेत नको. अधूनमधून कापत जा काहीतरी. गंजेल नाहीतर.

आत्या: कापेन. रद्दी कापेन, लेबलं कापेन.

भाची: आजोबा, मी तो रकाना आत्ता बदलते. तुमच्यासमोर. 'उत्तम' लिहू?

कंडक्टर: मूठ उघडी, एका पात्याला खाच, उत्तम कसली? खोटं लिहू नकोस.

भाची: मग काय लिहू?

कंडक्टर: काय काय आहे त्यात?

आत्या: बरी आहे. लिही, बरी.

कंडक्टर: लिही, बरी. आणि पुढे लिही, डाव्या हाताची. ठळक लिही. मुलाला दाखवायचंय. बाई, उद्या आहात ना तुम्ही इथे?

आत्या: कुठे जाणार? उद्या सगळं गाव येणार आहे खुर्च्या आणि तराजू परत न्यायला.

कंडक्टर: सलूनवाल्याला मी बघतो. फुकट्याने माझ्या गाडीतून कमी प्रवास केलेला नाही. उद्या सकाळी येतो, जुना शर्ट आहे घरी एक. तेवढा हात मोकळा ठेवा. रिकाम्या मुठीवर पट्टी बसत नाही, सैल पडते. कुणीतरी हात घालून बसावं लागतं, मग त्या हाताच्या बेताने गुंडाळत जायचं.

आत्या: मी बसेन, काका.

कंडक्टर: हलायचं नाही मात्र. आणि बोलायचं नाही. ती सारखी बोलायची, हे आणलं का, ते विसरलात का, आणि माझा वेढा चुकायचा. मग पहिल्यापासून.

आत्या: नाही बोलणार. एक शब्द नाही.

कंडक्टर: अगदीच एक शब्द नाही असं नको. थोडं बोललीस तरी चालेल.